तिसरा चढाईपटू कुठं आहे? पुणेरी पलटणच्या बाकाचा हिशेब

(लातूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय पत्रिकेवर वाचून एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला फोन केला. म्हणाले, "अहो, व्याख्यानमालेत कबड्डी? इथं लोक संत, राज्यघटना, शेती, पाणी ह्यावर बोलतात." मी म्हटलं, काका, मी पाण्यापासूनच सुरू करणार आहे. (हशा)

2016 चा एप्रिल आठवा. मांजरा धरण आटलेलं. अख्खं शहर त्या एका धरणाच्या भरवशावर. मग 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आणि लातूरचं नाव देशभर गेलं. त्या उन्हाळ्यात आपण सगळे एक गोष्ट शिकलो. धरण चांगलं होतं का, हा प्रश्न फारसा कामाचा नसतो. धरण आटल्यावर दुसरं काय आहे, हा प्रश्न कामाचा असतो.

कबड्डीच्या कुठल्याही संघाकडं मी ह्याच नजरेनं बघतो. तुमचा पहिला चढाईपटू किती भारी आहे, हे सगळेच सांगतात. तो बाहेर बसला की चढाईला कोण जातो, ते सांगा.

आज मी पुणेरी पलटणबद्दल बोलणार आहे. का, तर प्रो कबड्डीत महाराष्ट्राचे दोनच संघ, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. मराठवाड्याचा संघ नाही. मग आपली पोरं मोबाइलवर ह्या दोघांचेच सामने बघतात. माझा जीव पलटणवर आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यावर टीका करायचा हक्क मिळतो, असं मी मानतो.

आता ज्यांनी शाळेनंतर कबड्डी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. सात गडी मैदानात, बाकीचे राखीव बाकावर. सामना 40 मिनिटांचा. एक चढाई 30 सेकंदांची. साधारणपणे तीन चढाईपटू आणि चार बचावपटू अशी मांडणी असते. दोन कोपरे, दोन मध्यरक्षक. हे सगळं क्रिकेट-फुटबॉलसारखंच वाटतं. पण कबड्डीत एक गोष्ट वेगळी आहे आणि आजचं सगळं भाषण त्या एका गोष्टीवर उभं आहे.

कबड्डीत तुमचा सगळ्यात भारी गडी सामना चालू असताना वारंवार बाहेर जातो. पकड झाली, गेला बाहेर. आणि बाद झालेल्या गड्याच्या जागी तुम्हाला बाकावरचा दुसरा घालता येत नाही. तो परत कधी येणार? त्याच्या संघानं गुण मिळवला की. एक गडी मारला, एक गडी जिवंत. तेही ज्या क्रमानं बाहेर गेले त्याच क्रमानं.

म्हणजे बघा. तुमचा हुकमी एक्का बाहेर बसलाय. त्याला आत आणणार कोण? एक तर बचावपटू पकड करून आणतील, नाही तर दुसरा-तिसरा चढाईपटू गडी मारून आणेल. म्हणून मी म्हणतो, तिसरा चढाईपटू पहिल्याचा राखीव नाही, तो पहिल्याला सोडवून आणणारा माणूस आहे. तो कच्चा असला की एक्का पाच-पाच मिनिटं बाहेर बसून टाळ्या वाजवतो. मैदानात तीनच गडी उरतात, समोरचा संघ तर तुमचे गडी टिपण्याच्या तयारीतच असतो, आणि बघता बघता लोण बसतो. दोन जादा गुण गेले.

त्यात तिसऱ्या चढाईचा नियम. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर बाद. ह्या चढाईला जायला एक्का नको असतो. तो बाद झाला तर महागात पडतं. तिथं लागतो थंड डोक्याचा, मार खायची तयारी असलेला माणूस. टीव्हीवर त्याचं कौतुक होत नाही. पण संघ त्याच्यावर चालतो.

आता पलटणकडं येऊ.

आठव्या हंगामापासून सुरू करतो, 2021-22. त्या वेळी संघात राहुल चौधरी, नितीन तोमर अशी वजनदार नावं होती. प्रशिक्षक अनुप कुमार. पण हंगाम पुढं सरकला तसा चढाईचा भार दोन नव्या पोरांवर आला. एक आपल्या अहमदनगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार, दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. दोघांचाही पहिलाच हंगाम. संघ बाद फेरीत गेला. मोठी नावं बाकावर आणि पोरं मैदानात, असा तो हंगाम होता. पलटणची पुढची घडण तिथून झाली.

नववा हंगाम, 2022. प्रशिक्षक बी. सी. रमेश. फजल अत्राचलीला 1 कोटी 38 लाखांना घेतलं. संघ अंतिम सामन्यात पोचला. आणि ऐन वेळी काय झालं? अस्लम आणि मोहित, दोघंही दुखापतीमुळं बाहेर. मांजरा आणि तेरणा, दोन्ही धरणं एकाच वर्षी आटली म्हणा. (हशा) तरीसुद्धा उपांत्य सामना तमिळ थलायवाजविरुद्ध 39-37 असा जिंकला, पंकज मोहितेच्या जोरावर. 17 डिसेंबरला मुंबईत अंतिम सामन्यात जयपूरकडून 33-29 असे हरलो. चार गुणांनी. त्या हरण्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पहिले दोन चढाईपटू नसताना चार गुणांनी हरणारा संघ हा खोल संघ असतो. मी त्या दिवशी म्हटलं होतं, हा संघ पुढच्या वर्षी जिंकतो.

दहावा हंगाम. 1 मार्च 2024, हैदराबाद. हरियाणा स्टीलर्सविरुद्ध 28-25. पलटण पहिल्यांदा विजेती. आता ह्या सामन्याकडं नीट बघा. कर्णधार अस्लम, पूर्ण हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. पण अंतिम सामन्यात पलटणकडून सगळ्यात जास्त गुण कुणाचे? पंकज मोहितेचे, नऊ. एका चढाईत त्यानं चार गडी टिपले, तिथं सामना फिरला. अस्लमवर सगळा बचाव डोळे लावून बसला आणि पंकज आत शिरला. पहिल्याची दहशत आणि दुसऱ्याची कमाई. खोली म्हणतात ती हीच.

इथं कुणी विचारेल, साहेब, पण हुकमी एक्का असलेला संघच जिंकतो ना? मी हिशेब मांडतो. 2017 ला प्रदीप नरवालनं 369 चढाई गुण केले, पाटणा विजेते. 2018 ला पवन सेहरावत सगळ्यात पुढं, बेंगळुरू विजेते. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण 2019 पासूनचे सहा हंगाम बघा. 2019 ला पवनचे 346 गुण, विजेते बंगाल. आठव्या हंगामात पुन्हा पवन, विजेते दिल्ली. नवव्यात अर्जुन देशवाल, विजेते जयपूर. हा एक अपवाद. दहाव्यात आशू मलिक 276, विजेती पलटण. अकराव्यात देवांक दलाल 301, विजेते हरियाणा. बाराव्यात पाटण्याचा अयान, तीनशेहून अधिक, विजेते दिल्ली. सहा हंगामांत एकदाच सर्वाधिक चढाई गुणवाल्याचा संघ जिंकला. बचाव आता इतके तयारीचे झालेत की एका माणसावर महिना काढता येतो, अंतिम सामना काढता येत नाही.

लातूरकरांना हे दुसऱ्या भाषेत सांगतो. लातूर पॅटर्न कशामुळं मोठा झाला? बोर्डात पहिला आला त्याचा फोटो पेपरात आला, हे खरं. पण पालकांनी घरं भाड्यानं घेऊन लेकरं इथं आणली ती पहिला आला म्हणून नाही. मधल्या बाकावरचं लेकरूही इथं वर चढतं, ह्या विश्वासानं आणली. मधल्या बाकाची किंमत आपल्याइतकी कुणाला कळावी?

आता टीकेचा भाग.

दहाव्या हंगामाच्या लिलावात पलटणनं मोहम्मदरझा शादलूईवर 2 कोटी 35 लाख लावले. इराणचा बचावपटू. संघाची एकूण तिजोरी 5 कोटींची. म्हणजे जवळपास निम्मी थैली एका माणसावर. त्यानं ती फेडली, त्या हंगामात बचावात सर्वाधिक 99 गुण त्याचे होते. तेव्हा हा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण तो परवडला कशामुळं, ते ओळखा. चढाईची फळी घरची होती. अस्लम, मोहित, पंकज, आकाश शिंदे ही पोरं संघानं वाढवलेली, किंवा कमी दामात मिळालेली. घरचं धान्य होतं म्हणून बाजारातून सोनं आणता आलं.

मग अकरावा हंगाम. शादलूईला सोडलं. त्याला हरियाणानं 2 कोटी 7 लाखांना घेतलं. मधेच अस्लम दुखापतीनं बाहेर. विजेता संघ पहिल्या सहातही आला नाही. आणि 29 डिसेंबर 2024 ला, आपल्याच बालेवाडीत, करंडक उचलला हरियाणानं. पाटण्याला 32-23 असं हरवून. त्यात शादलूई होता आणि चढाईत आपल्या महाराष्ट्राचा शिवम पटारे होता. देवांक दलालसारखा एक्का समोर असून.

लोक म्हणाले, अस्लम गेला म्हणून पलटण बुडाली. मला ते पटत नाही. नवव्या हंगामातही अस्लम नव्हताच की, अंतिम सामन्यात. तेव्हा संघ चार गुणांनी हरला, पण मोडला नाही. मग अकराव्यात का मोडला? माझ्या मते कारण असं. शादलूई हा कागदावर बचावपटू. पण तो चढाईचाही भार हलका करायचा. एक तर तो स्वतः अधूनमधून चढाईला जायचा. दुसरं, त्याच्या पकडीमुळं बाहेर बसलेले चढाईपटू पटकन आत यायचे. तो गेला तेव्हा एक कोपरा रिकामा झाला, असं संघानं मोजलं. प्रत्यक्षात चढाईचीही एक फळी गेली होती. पाहणी करताना आपण चढाईपटू वेगळे मोजतो, बचावपटू वेगळे मोजतो. मैदानात ती एकच विहीर असते, झरे दोन असतात.

बारावा हंगाम. प्रशिक्षक बदलले, अजय ठाकूर आले. स्वतः मोठा चढाईपटू राहिलेला माणूस. संघ पुन्हा उभा राहिला, साखळीत अव्वल. ह्या हंगामाची कमाई म्हणजे आदित्य शिंदे. हा पोरगा नवव्या हंगामापासून आत-बाहेर होता. संघानं त्याला सोडला नाही, थांबला. आणि बाद फेरीत तोच कामी आला. दुसऱ्या पात्रता सामन्यात तेलुगू टायटन्सला 50-45 असं हरवलं. पण जिंकलेल्या सामन्यात 45 गुण दिले, हेही लक्षात ठेवा. चढाईची फळी बचावाचं देणं फेडत होती.

मग 31 ऑक्टोबर 2025, दिल्ली. अंतिम सामना, दिल्ली 31, पुणे 28. आदित्यनं दहा गुण आणले. तरी हरलो. समोर काय घडलं बघा. दिल्लीचा एक्का आशू मलिक त्या दिवशी शांत राहिला. पलटणनं त्याला बांधून ठेवला, काम चोख केलं. आणि नीरज नरवाल, अजिंक्य पवार ह्या दोघांनी सामना नेला. शेवटी उरलीसुरली आशा फजल अत्राचलीच्या पकडीनं संपवली. हाच फजल नवव्या हंगामात आपला कर्णधार होता. (हशा)

म्हणजे 2024 ला आपण पंकजच्या रूपानं जे केलं, तेच दिल्लीनं 2025 ला आपल्याला केलं. दुसऱ्या-तिसऱ्यानं जिंकून दिलं.

तर पलटणला आता काय हवं? माझं मत तीन मुद्द्यांत सांगतो.

पहिला. आणखी एक वेगवान चढाईपटू नको. अस्लम, पंकज, आदित्य, ह्यांच्याकडं वेग आहे, उडी आहे. संघाला हवाय तिसऱ्या चढाईचा माणूस. जो निदान रेषा ओलांडून कोपऱ्याला खेळवत बसेल, बोनस काढेल, घाईनं मरणार नाही. असा माणूस लिलावात शेवटच्या तासात स्वस्तात मिळतो, कारण त्याच्या नावावर मोठे आकडे नसतात. पण तो ओळखायला सामने बघावे लागतात, नुसता तक्ता बघून तो सापडत नाही.

दुसरा. अस्लमला कमी वापरा. ऐकायला विचित्र वाटेल. पण जो माणूस चढाईही करतो, बचावातही उभा राहतो आणि कर्णधारही आहे, त्याचा गुडघा हा संघाचा सगळ्यात मोठा ठेवा आहे. दहा गुणांची आघाडी असताना त्याला बाकावर बसवायची हिंमत प्रशिक्षकानं दाखवावी. बदली खेळाडूची सोय कशासाठी असते? बहुतेक संघ ती शेवटच्या दोन मिनिटांत वापरतात, तेव्हा तिचा उपयोग संपलेला असतो.

तिसरा. बचावात एक असा गडी घ्या जो गरज पडली तर चढाईला जाईल. शादलूई परत मिळणं अवघड, बाराव्या हंगामात गुजरातनं त्याला 2 कोटी 23 लाखांना नेला. पण त्याच्या निम्मं काम करणारा, त्याच्या दशांश किमतीत घडवता येतो. घडवावा लागतो, एवढंच.

आता शेवटचा भाग. हा आपल्या घरचा आहे.

2024 मध्ये युवा कबड्डी मालिकेत जिल्ह्यांचे संघ उतरले. त्यात नांदेड चंबल चॅलेंजर्स होते, लातूर विजयनगर वीर्स होते. नावं ऐकून हसू येतं, चंबल कुठं आणि नांदेड कुठं. पण मॅटवर, कॅमेऱ्यासमोर, आपली पोरं खेळली ही गोष्ट लहान नाही. आपल्या भागाला खेळाची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. लातूरनं हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल दिला, काका पवार दिले. नांदेडला हॉकीची अखिल भारतीय स्पर्धा बघायला लोक गर्दी करतात. पण आज मी पलटणच्या चढाईपटूंची जी नावं घेतली, त्यात आपल्या दोन जिल्ह्यांचं एकही नव्हतं. का?

ह्याचं एक कारण मी स्वतः आहे. ते सांगतो आणि थांबतो.

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात बारा वर्षं पोरांना कबड्डी शिकवली. पगार नव्हता, हौस होती. आमच्याकडं एक पोरगा होता. नाव घेत नाही. त्याचा पाय म्हणजे गोफणीतला दगड. यात्रेतल्या स्पर्धा आम्ही त्याच्या एकट्याच्या जिवावर मारायचो. सामन्यात आमच्या चाळीस चढाया असल्या तर तीस त्याच्या. बाकीची पोरं फक्त त्याला आत आणण्यापुरती खेळायची, तेही जमलं तर. एका स्पर्धेत उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला. अंतिम सामना दोन तासांनी. त्यानं माझ्याकडं बघितलं. "सर, जमंल का?" मी म्हटलं, "पट्टी बांध. तू नाही तर कोण?"

तू नाही तर कोण. हे वाक्य मी त्याचं कौतुक म्हणून बोललो. आज कळतं, ती माझ्या कामाची कबुली होती. बारा वर्षांत मी दुसरा चढाईपटू तयार केला नव्हता. आम्ही तो सामना जिंकलो. ढाल मिळाली. पोरगा परत कधी खेळला नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीतही तो गुडघा आडवा आला. बाकावर बसलेली चार पोरं तोवर कंटाळून पुण्याला कामाला निघून गेली होती. एका सामन्यानं माझा पहिला चढाईपटू गेला, आणि दुसरा-तिसरा तर मी कधी उभाच केला नव्हता.

गावच्या स्पर्धांत आपण बक्षिसं काय ठेवतो? उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड. जो आधीच पुढं आहे त्यालाच. माझी इथल्या संयोजकांना हात जोडून विनंती आहे. एक बक्षीस राखीव खेळाडूसाठी ठेवा. आणि गटातले सामने असतील तर नियम करा, प्रत्येक संघानं किमान एका राखीव गड्याला पहिल्या डावात उतरवलं पाहिजे. खर्च शून्य. त्या पोराला कळेल की आपण मोजले जातोय. पलटणनं आदित्य शिंदेच्या बाबतीत तेवढंच केलं. थांबले. मोजत राहिले.

काही प्रश्न असतील तर घेतो.

(प्रश्न: मॅट नसताना आपली पोरं मातीवर किती पुढं जाणार?)

खरा प्रश्न आहे. मातीवर पाय रोवतो, मॅटवर घसरतो, पकडीची पद्धतच बदलते. मॅट हवीच. जिल्हा क्रीडा संकुलात जा, मागणी करा, मागं लागा. पण मॅट आल्यावरही तीस चढाया एकाच पोराच्या असतील, तर मॅटवर गुडघे जातील, एवढाच फरक.

(प्रश्न: पण सर, तुमच्या त्या मुलाला तुम्ही नंतर भेटलात का?)

भेटतो की. मागच्या बाकावर बसलाय तो. मी आज काय बोलतो ते ऐकायला आलाय. आता त्याच गावात तोच पोरांना शिकवतो. परवा त्याचा संघ बघायला गेलो होतो. चढाईला पाच वेगवेगळी पोरं गेली. सामना हरले. मी काही बोललो नाही.